जिवंताची घागर

सुनंदा माझी मावशी. तिच्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षीच्या अक्षय तृतीयेला, सकाळी, पाण्याचा टँकर गावात शिरला त्या वेळी, मोठ्या चौकातल्या पारावर. तिचा मुलगा जिवंत होता. घरात कूलरपुढे, प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून झोपलेला होता. आणि पारावर त्याच्या फोटोपुढे मेलेल्या माणसाची घागर भरून ठेवलेली होती.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते. ज्यांनी शिकवलं त्यांनी एकच नियम घालून दिला होता: कोणावर अन्याय झाला, कधी, कुठे, हे पहिल्याच ओळीत सांग, नाहीतर वाचणारा तुझ्या कागदात भजी गुंडाळेल. नियम पाळला. यापुढचं मात्र पत्रकात मावत नाही. गेलं वर्षभर मावलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

परवा अमरावतीला इतवारा बाजारातून येत होते. कुंभारांनी रस्त्याच्या कडेला घागरी मांडल्या होत्या, लाल, नव्या, गोणपाटावर पालथ्या घातलेल्या. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. एका बाईनं घागर उचलून बोटाच्या पेरानं वाजवून दाखवली. "पाहा ताई, कशी खणखण वाजते. कोणाच्या नावाची भरता?"

तिनं गिऱ्हाइकाला विचारावं तसं सहज विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "जिवंत आहे तो."

उन्हानं डोकं फिरलेल्या माणसाकडे पाहतात तसं तिनं माझ्याकडे पाहिलं आणि घागर जागेवर ठेवून दिली.

वैशाख परत आला. कडुलिंबाचा मोहर झडून पारावर पसरला, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज सुरू झाला, आणि फोनवर पुन्हा ते नकाशे फिरायला लागले. लाल बाण, निळे बाण, समुद्रावर काढलेली वर्तुळं. आमच्याकडच्या उन्हाळ्याला आता हाही एक वास आहे. कूलरमधला ओला भुसा, कापलेली कैरी आणि लढाईच्या बातम्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या वऱ्हाडात अक्षय तृतीयेला घागर भरतात. घरचं माणूस गेलेलं असेल तर नवी लाल घागर आणायची, गोड्या पाण्यानं भरायची, तोंडावर खरबूज नाहीतर आंबा ठेवायचा आणि गेलेल्याचं नाव घ्यायचं. वैशाखात मेलेल्यालाही तहान लागते, अशी त्यामागची समजूत. चांगली समजूत आहे, मी तिच्यावर हसत नाही. आमच्या घरात मात्र घागर भरत नाहीत. आमच्या पणज्यानं धम्म स्वीकारला तेव्हा जे जे थांबलं, त्यात घागरही थांबली. आम्ही विहारात जातो, वंदना घेतो, गेलेल्याची आठवण काढतो, घरी येऊन जेवतो. आमच्या वस्तीत कोणी घागर मांडत नाही आणि मोठ्या चौकातून कोणी कधी आम्हाला विचारायलाही आलं नव्हतं.

गाव अकोल्याहून अकोटच्या दिशेनं, मुख्य रस्ता सोडून आत. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक मुद्दा सोडून गाव धरतात. हा सगळा खारपाणपट्टा. विहीर खणा, बोअर मारा, लागेल ते पाणी खारं. साबणाला फेस येत नाही. तुरीची डाळ चुलीवर अर्धा दिवस ठेवली तरी दाणा अंग सोडत नाही. चहात दूध घातलं की फाटतं. उन्हाळ्यात नदीकाठची जमीन वाळते तेव्हा तिच्यावर पांढरा थर येतो. लहानपणी सम्यक आणि मी तो थर बोटानं खरवडून चाखायचो आणि थुंकायचो, कोणाची थुंकी लांब जाते ते पाहायचो.

सम्यक म्हणजे सुनंदामावशीचा मुलगा, माझा मावसभाऊ. माझ्यापेक्षा लहान, पण उंचीनं मला कधीच मागे टाकून गेलेला. त्याचे बाबा किडन्या जाऊन वारले. मी म्हणते ते आमच्या पाण्यानं गेले. डॉक्टर तसं लिहून देत नाहीत. डायलिसिसला आधी अकोला, मग अमरावती. माझी खोली अमरावतीला, म्हणून शेवटचे महिने मावशी आणि मावसाजी माझ्याकडेच असायचे. मशीनवरून उठले की माणूस धुतलेल्या फडक्यासारखा दिसायचा. सम्यक तेव्हा बारावीला होता. खुर्चीत बसून गणितं सोडवायचा आणि मधूनच वडिलांच्या हातातल्या सुयांकडे पाहायचा. त्यांच्या मरणाची गावानं काय दखल घेतली? काही नाही. आमच्या पट्ट्यात किडनीनं मेलेल्याचा फोटो चौकात लागत नाही.

तो पोरगा नौदलात निवडला गेला. समुद्र ज्यानं टीव्हीवर पाहिलेला, पोहायला जो धरणाच्या कालव्यात शिकला. दक्षिणेतल्या नौदलाच्या प्रबोधिनीतून त्याचा पहिला फोन आला तेव्हा तो दम लागल्यासारखा हसत होता. "ताई, आज समुद्राचं पाणी नाकातोंडात गेलं. बाकीचे पोट्टे ओकून राह्यले होते. मले काहीच नाई झालं. आपल्या विहिरीसारखंच लागलं, थोडं जास्त."

मावशीनं ते वस्तीतल्या प्रत्येकीला सांगितलं. तिला त्यात विनोद दिसला नाही. तिला वाटलं पोराला तिथलं पाणी मानवलं.

गेल्या वर्षी शेवटच्या सत्रात दोरावरून पडून त्याचं मनगट मोडलं. आजारी रजेवर घरी पाठवलं. तो आला आणि त्याच आठवड्यात सरहद्दीवर तणातणी सुरू झाली. टीव्हीवर सायरन, स्टुडिओत सायरन, आमच्या गावात वीज गेली तरी पोरं ओरडायची, "आलं, आलं, विमान आलं!" बायका पाण्याची भांडी घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या, आणि त्यांच्या डोक्यावरून हे सगळं चाललेलं.

सम्यकची ती तडफड मी विसरू शकत नाही. पिंजऱ्यात घातल्यासारखा तो त्या पत्र्याच्या खोलीत फिरायचा. दुपारी पत्रा तापायचा, कूलर गरम हवा फेकायचा, आणि हा फोन तांब्याला टेकवून त्याच्या सोबतच्या कॅडेटांशी बोलायचा. पडद्यावर तीन-चार चेहरे, सगळ्यांचे केस सारखेच बारीक कापलेले. एक बिहारचा, एक केरळचा, एक साताऱ्याकडचा अभिजित म्हणून.

"भाई, अपना कोर्स पास होने तक सब खतम हो जाएगा," बिहारचा म्हणाला.

"ऐसा मत बोल यार," सम्यक म्हणाला. खरोखर कळवळून म्हणाला. परीक्षेचा पेपर चुकल्यासारखा.

"तू तर घरी रसपोळी हाणतोयस," अभिजित हसला. "आम्हाला इथे रोज परेड. तुझा हात बरा होईतो थांबायला सांगू का त्यांना?"

"सांग ना बे! म्हणावं एक माणूस कमी आहे."

सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता मला दिसलं की ही थट्टा नाही. या पोरांना लढाई पाहिजे होती. द्वेष वगैरे नव्हता त्यांच्यात. शत्रूचं नावही ते फारसं घेत नव्हते. जहाज, वेग, कोणत्या तोफेचा पल्ला किती, अमुक सर कोणत्या जहाजावर गेले, हेच. शिकलेलं सगळं हातात जमा झालंय आणि हात वापरायला मिळत नाही, अशी ती खाज होती. मी मोर्चाच्या आदल्या दिवशी अशीच असते. म्हणून मला ती ओळखता आली.

एकदा मी त्याला प्लॅस्टर दाखवायला अकोल्याला घेऊन गेले. बसस्टँडवरून ऑटो केला. त्याची बारीक हजामत पाहून ऑटोवाल्यानं आरशातून विचारलं, "मिल्ट्री का भाऊ?"

"नेव्ही," सम्यक म्हणाला. ताठ बसला.

"नेव्ही? आन अकोल्यात? भाऊ, मोर्णेत बोट टाकता का?" मोर्णा म्हणजे अकोल्याची नदी, उन्हाळ्यात तिच्यात जलपर्णी आणि डबकी. ऑटोवाला स्वतःच्याच विनोदावर खूश झाला. मग म्हणाला, "काही होत नाई पाहा. दोन दिस वाजवतात अन् बंद करतात. तुमचा पगार चालू, टीव्हीवाल्याचा धंदा चालू, माहा गॅस महाग."

"आमी तयार आहो पण," सम्यक म्हणाला.

"तयार तर मीबी आहो, भाऊ. कोणी बोलावतच नाई!"

दवाखान्यापाशी उतरताना सम्यकनं डाव्या हातानं पैसे दिले आणि मला म्हणाला, "याच्यासाठी मरायचं का ताई?"

"नको मरू," मी म्हटलं.

"तसं नाई म्हणत मी," तो वैतागून म्हणाला.

अमरावतीला मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहते ते वकीलकाका. वाचणारे माणूस, जिन्यात उभं राहून अर्धा तास बोलतात. ते म्हणाले, "अगं, युद्ध बिद्ध काही होत नसतं. हा सगळा उन्हाळी बाजार आहे. त्या मुलाला सांग, निवृत्तिवेतन चांगलं असतं, बाकी डोक्यात घेऊ नकोस." काका खरं बोलत असतीलही. मला स्वतःलाही तसंच वाटत होतं. पण त्यांच्या आवाजातला तो थंडावा मला सहन झाला नाही. त्यांच्या घरातलं कोणी कुठे जाणार नव्हतं. ज्याचं काही जाणार नाही त्याला शंका घेणं किती सोपं असतं! ती त्याला सावलीत बसून घेता येते.

आणि माझं काय चाललं होतं? मी पत्रक काढलं. वर मोठ्या अक्षरात, 'लढाई नको, गोडं पाणी द्या'. खाली खारपाणपट्ट्यातल्या मागण्या. अकोल्याच्या बसस्टँडवर वाटलं, गावातल्या दुकानांवर चिकटवलं. सम्यकनं कूलरसमोर बसून ते शेवटपर्यंत वाचलं. त्याच्यासारखं शेवटपर्यंत कोणी वाचत नाही.

"चांगलं लिहिलं," तो म्हणाला. "पण ताई, हे समोरच्या देशाले पाठवलं का? त्याईनं वाचलं पायजे ना."

मावशी तांदूळ निवडता निवडता हसली. मीही हसले असते, पण राग आला. मी म्हटलं, "तुला लढाई कशाला पाहिजे, ते सांग. पाठ केलेलं नको. मला सांग."

तो प्लॅस्टरच्या कडेचा सुटलेला दोरा ओढत बसला. मग मावशी पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा बोलला.

"बाबा कसे गेले ते तू पाह्यलं. मशीनवर. आवाज न करता. त्याईनं काही केलंच नव्हतं ना ताई? फक्त पाणी पेलं. मले तसं नाई मरायचं. मले कशासाठी तरी मरायचं आहे."

मी लोकांना चौकात उभं करून बोलणारी बाई. माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला छापील उत्तर असतं. मी म्हटलं, "मग कशासाठी तरी जग ना." ते मलाच फलकावरचं वाक्य वाटलं.

अक्षय तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी विकी आमच्या वस्तीत आला. विकी म्हणजे मोठ्या चौकातल्या तरुण मंडळाचा पुढारी. मनानं वाईट नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. कोणाचा ॲक्सिडेंट झाला तर रक्त द्यायला पहिला हाच धावतो. त्यानं गाडी लावली, चपला काढून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, आपल्या गावची शान आहे भाऊ. त्याचा ड्रेसवरचा एक फोटो पायजे. उद्या चौकात लावतो."

मावशीनं पदर सावरला. मला आठवतं, तिनं त्याला बसायला खुर्ची पुसून दिली. मोठ्या चौकात आमच्या वस्तीतल्या पोराचा फोटो! तिनं मला आत बोलावून हळूच म्हटलं, "तुया मावसाजीनं पाह्यलं असतं तर..." आणि डोळ्याला पदर लावला. फोटो सम्यकनंच फोनवरून पाठवला. पांढरा गणवेश, टोपी, हनुवटी वर. कशासाठी हे मावशीनं विचारलं नाही. सत्कार असेल असं तिला वाटलं. मलाही वाटलं.

सकाळी टँकर आला म्हणून मावशी कळशी घेऊन गेली. मी मागून ड्रम ढकलत. चौकात पोचलो तर पार धुऊन काढलेला, रांगोळी, झेंडूच्या माळा. मधोमध फोटो. पांढऱ्या गणवेशातला आमचा सम्यक. फोटोला हार. फोटोपुढे लाल घागर, तोंडावर खरबूज, खरबुजावर कुंकू. मागे फलक, त्यावर जवानांना वंदन वगैरे. सरहद्दीवर जे कामी आले त्यांच्या नावानं गावाची घागर भरायची, असं मंडळानं ठरवलं होतं. गावात फौजेतलं कोणी नाही, कधीच नव्हतं. फोटो कोणाचा लावायचा? गणवेशातला माणूस एकच. त्यांनी तो लावला.

मावशी थांबली. कळशी तिच्या कमरेवरून घसरली आणि खडकन आपटली. ती पिठाच्या गिरणीसारखी घरघरत श्वास घ्यायला लागली.

"काय हे?" मी विकीला विचारलं. "काय आहे हे? तो घरी झोपलाय!"

"ताई, आमी सगळ्या जवानाईच्या नावानं..."

"फोटो कोणाचा आहे?"

"भाऊचा. मान देल्ला ना आमी! पहिल्यांदा..." तो बोलता बोलता अडखळला. 'पहिल्यांदा' या शब्दापाशी तो अडखळला, हे मी पाहिलं. मग चिडला. "तुमी तर प्रत्येक गोष्टीले विरोध करता. आमी चांगल्या भावनेनं केलं."

पारावर बसलेला एक म्हातारा विडी विझवत म्हणाला, "जाऊ दे ना बाई. बोटीवरच्या पोट्ट्याईले कुठं काय होते? लढाई होतच नाई, फोटोनं काय होते?" म्हणजे बघा. एकाच पारावर दोन्ही माणसं. एकानं माझ्या भावाला आधीच मारून टाकलेलं, आणि दुसऱ्याला त्याच्या जिवाची काळजीच नाही, कारण लढाईवर विश्वास नाही.

मावशीनं कोणाचंच ऐकलं नाही. ती पारावर चढली. आमच्या वस्तीतली बाई त्या पारावर चढलेली मी पहिल्यांदा पाहिली. तिनं खरबूज उचललं, बाजूला ठेवलं. घागर दोन्ही हातांनी उचलून कमरेवर घेतली. भरलेली, जड घागर. आणि निघाली. कोणी आडवं आलं नाही. मेलेल्याची घागर अशी कोणी नेत नाही, म्हणून काय करायचं हेच कोणाला सुचेना. मी हार काढला, फोटो काढला, काखेत घेतला आणि तिच्या मागून गेले. ड्रम तिथेच राहिला.

तोवर सम्यकला फोन गेलेला होता. तो दारात उभा होता. अजून डोळ्यांत झोप होती. मावशीनं पेला घेतला, घागरीत बुडवला आणि त्याच्यापुढे धरला.

"पी."

"माय, असं कायले करतं?"

"पी म्हणते ना. तुया नावाचं पाणी आहे. मेलेला माणूस पेत नाई, जिवंत माणूस पेते. पी."

वस्ती जमली होती. मंडळाची पोरं मागून आली होती, लांब उभी होती. सम्यकनं त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे. त्याचा चेहरा लाल झाला. "माय, तमाशा नको करू. काय बिघडलं त्याईनं भरली तर? उद्या भरावीच लागली तर?"

त्यानं ते म्हटलं. मी तिथे होते. मला सर्वांत भयंकर वाटलं ते हे, की बोलताना त्याच्या आवाजात किंचित अभिमान होता. चौकात त्याचा फोटो लागला होता. बाबांचा लागला नव्हता.

मावशीचा हात पुढेच राहिला. पेल्यातलं पाणी हिंदकळत होतं. तिनं तो तसाच मागे घेतला, पाणी परत घागरीत ओतलं, एक थेंब सांडू दिला नाही. आमच्याकडे गोडं पाणी सांडत नाहीत. आणि ती घागर घेऊन आत चुलीपाशी गेली.

दुपारी जेवायला बसलो. भात, डाळ, कैरीची चटणी. सम्यक फुगलेला होता, ताटाकडे न पाहता जेवत होता. दुसरा घास घेतला आणि थांबला. डाळ एकजीव झालेली होती. पिवळी, लोण्यासारखी, भातावर पसरलेली. अशी डाळ आमच्या घरात कधी होत नाही.

"माय, डाळ कशी काय शिजली वं आज?"

"पाणी गोडं होतं," मावशी म्हणाली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. चुलीतली राख ओढत होती.

त्याचा हात ताटात थांबला. कूलरचा पंखा खडखडत होता. त्यानं घास उचलला आणि खाल्ला. मग दुसरा. मग म्हणाला, "वाढ अजून." मावशीनं वाढलं. तो जेवत राहिला. तिनं घागरीतलं पाणी संपेपर्यंत त्याला त्यातच रांधून घातलं. भात, डाळ, चहा. ती घागर तिनं मेलेल्या माणसापर्यंत पोचू दिली नाही.

संध्याकाळी त्याच्या फोनवर साताऱ्याचा अभिजित होता. सम्यक हसत हसत सांगत होता, मुद्दाम हसत. अभिजित हसला नाही.

"फोटो काढलास ना तो?"

"ताईनं काढला. काय झालं बे?"

"आमच्या गावात घरटी एक फौजी आहे," अभिजित म्हणाला. "असा फोटो कोणी लावला असता तर आमच्या आजीनं कोयता घेतला असता. सम्या, तुमच्या लोकांना माहीतच नाही रे. फोटो नंतर लावतात."

इथे खरी चूक आहे, आणि ती आमचीच, आमच्या मुलखाची आहे. ज्या गावात फौजी जातात आणि येतात, काही येत नाहीत, तिथे लोकांना जिवंत आणि मेलेला यातला फरक कळतो. आमच्याकडे गणवेश आला तो टीव्हीतून. टीव्हीतला गणवेश फोटोतच असतो, आणि फोटोला हार असतो. आम्हाला मान द्यायची तेवढी एकच रीत माहीत.

सम्यक परत गेला. बडनेऱ्याला गाडीत बसवताना त्यानं मावशीच्या पायाला हात लावला. लढाईबद्दल काही बोलला नाही. खांद्यावर पट्टी आली, पण शिकणं संपलेलं नाही, आता तो शिकाऊ अधिकारी म्हणून जहाजावर आहे. कुठे, ते सांगत नाही, सांगता येत नाही. फोन लागला की पहिलं एकच विचारतो, "माय, डाळ शिजली का वं?" मावशी म्हणते, "शिजली." खोटं बोलते. टँकरचं पाणी आम्हाला प्यायलाच पुरत नाही.

त्याला अजून लढाई पाहिजे का? मला माहीत नाही. मी विचारायला घाबरते. गेले काही आठवडे फोनच नाही. बातम्यांत पुन्हा तेच बाण, तीच वर्तुळं, आणि त्यातल्या एका वर्तुळात कुठेतरी तो. मावशी टीव्ही लावत नाही. बंद टीव्हीसमोर बसून असते.

आणि विकीनं सांगितलंय, यंदा मोठं करायचं. पाराएवढा फलक, आणि सम्यकचा फोटो आणखी मोठा. गेल्या वर्षी मावशीनं घागर नेली तो गावाचा अपमान झाला, तो भरून काढायचा आहे म्हणे. मी ग्रामपंचायतीत गेले. ठाण्यात गेले. तहसिलात गेले. सगळीकडे तेच, चांगल्या भावनेनं करून राहिले ताई, तुम्ही कायले वाद वाढवता? वकीलकाका म्हणाले, "मातीचं भांडं आहे गं, त्यानं माणूस मरत नाही." नाही मरत. मलाही ठाऊक आहे. पण मावशीला जाऊन सांगा ना! बंद टीव्हीसमोर बसलेल्या त्या बाईला सांगा, की गावानं तुझ्या पोराला पाणी देऊन टाकलं, तू आता निवांत राहा.

वस्तीतली चार पोरं आता पहाटे पळायला जातात. नेव्हीत जायचं म्हणतात. मी विचारलं काहून रे, तर एक म्हणाला, "सम्यकदादाचा चौकात फोटो लागला ना."

माझी पत्रकं संपली. खरंच संपली. 'लढाई नको' छापून लढाई थांबत नाही, आणि 'लढाई होत नाही' म्हणून समुद्रावरचा माणूस घरी येत नाही. एकट्या मावशीला आता ती घागर उचलवत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. विनंती करण्याइतकी ताकद माझ्यात उरलेली नाही, सरळ सांगते.

या अक्षय तृतीयेला सकाळी आमच्या चौकात या. अकोल्याहून बस आहे, ऑटो आहेत. घोषणा नकोत, फलक आणू नका. पारावर चढा. ती घागर फोडू मात्र नका. मडकं स्मशानात फोडतात, तेही त्याच्या नावानं करू नका. खरबूज बाजूला ठेवा, ओंजळ धरा आणि ते पाणी प्या. तुम्हाला लढाई पाहिजे असेल तरी प्या, लढाई थोतांड वाटत असेल तरी प्या. विकीलाही पाजा, त्या विडीवाल्या म्हाताऱ्यालाही पाजा. सम्यक जिवंत आहे. त्याच्या नावाचं पाणी जिवंत माणसांच्या पोटात गेलं पाहिजे. घागरीचा तळ दिसेपर्यंत पारावरून उतरू नका.